इंजिन उतरवलेच आहे, तर...

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. जुनी मोटार बाळगणाऱ्यांना तिच्यात आणखी एक भर घालावीशी वाटेल : इंजिन पाहावे उतरवून. एकदा हात घातला की योजलेल्या खर्चात काम आटोपत नाही, हा तिन्ही गोष्टींतील समान धर्म. क्लच घसरतो म्हणून गाडी गॅरेजमध्ये जाते आणि संध्याकाळी मेकॅनिकचा फोन येतो : 'साहेब, इंजिन उतरवलेच आहे, तर अमुकही करून टाकू का?' या एका प्रश्नाला काय उत्तर द्यावे, हे बहुतेक गाडीमालकांना ठाऊक नसते. काही जण सरसकट होकार देतात आणि बिल पाहून हबकतात. काही जण सरसकट नकार देतात आणि चार महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा मोजतात. वास्तविक या प्रश्नाचे उत्तर ठरवण्याची एक साधी रीत आहे.

इंजिन उतरवण्याच्या कामात मोठा वाटा मजुरीचा आणि वेळेचा असतो. बॅटरी सोडवणे, कूलंट आणि ऑइल काढणे, रेडिएटर बाजूला घेणे, वायरिंग आणि नळ्या मोकळ्या करणे, सायलेन्सरचा जोड व गिअरबॉक्स सोडवणे, चेनपुलीला इंजिन लटकवून बाहेर काढणे आणि मग हेच सारे उलट्या क्रमाने करणे, यासाठी दोन माणसांचा दीड-दोन दिवसांचा वेळ सहज जातो. त्या मानाने आत दडलेले काही भाग अगदी स्वस्त असतात. काही शेकड्यांच्या ऑइल सीलसाठी पुढे कधीतरी काही हजारांची मजुरी पुन्हा द्यावी लागू शकते. म्हणून इंजिन बाहेर असताना एखाद्या भागाविषयी तीन प्रश्न विचारावेत. इंजिन बसवल्यानंतर तो भाग सहज हाताशी येईल का? तो निकामी झाला तर गाडी वाटेत उभी राहील का? आणि त्याची किंमत उघडझाकीच्या मजुरीहून कमी आहे का? पहिल्याचे उत्तर 'नाही' आणि उरलेल्या दोहोंचे 'होय' असेल, तर तो भाग आताच बदलावा. एरवी थांबावे.

भूमसारख्या गावातील हिशेब

पुण्या-मुंबईत हा हिशेब पैशांचा असतो. तालुक्याच्या गावी तो दिवसांचाही असतो. धाराशिव जिल्ह्यातील भूम हे याचे चांगले उदाहरण ठरेल. बालाघाटच्या डोंगररांगांतील हा तालुका खव्यासाठी महाराष्ट्रभर ओळखला जातो. दूध आटवून केलेला खवा हा नाशवंत माल. तो वेळेवर बाजारात पोहोचला नाही तर भट्टीवरची सारी मेहनत वाया जाते. दूधसंकलन, खवा, शेतमाल, रुग्णाला घेऊन बार्शी किंवा सोलापूर गाठणे, अशा कितीतरी गोष्टी या भागात जीप, पिकअप आणि जुन्या मोटारींच्या भरवशावर चालतात. अशी गाडी चार दिवस उभी राहिली तर नुकसान केवळ गॅरेजच्या बिलापुरते राहत नाही.

त्यातच, लहान गावात हवा तो सुटा भाग त्याच दिवशी मिळेल याची शाश्वती नसते. तो बार्शी, धाराशिव, सोलापूर किंवा थेट पुण्याहून मागवावा लागतो आणि कधी एसटीच्या पार्सलने येतो. तोवर इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात आणि गाडी रिकाम्या पोटाने अंगणात. म्हणूनच जाणता मिस्त्री इंजिन उतरवण्याआधीच यादी करतो, भाग मागवतो, आलेला भाग आपल्याच गाडीचा आहे ना हे पाहतो आणि मगच पहिला नट सैल करतो. शहरातील वाचकांनीही ही शिस्त उचलण्यासारखी आहे.

निदान इंजिन गाडीत असतानाच

यादी करायची तर आधी निदान हवे, आणि ते चालत्या इंजिनावरच नीट होते. प्रत्येक सिलिंडरमधील दाब मोजण्याची चाचणी, गरम इंजिनातील ऑइलचा दाब, धुराचा रंग, कोणत्या वेगाला कोणता आवाज येतो, क्लच दाबल्यावर आवाज बदलतो का, या सर्व गोष्टी इंजिन जमिनीवर आल्यावर कळणे अवघड होते. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे सुचवतो. कूलंट सतत कमी होत असेल आणि गळती मात्र दिसत नसेल, तर हेड गास्केटवर संशय जातो.

ऑइलची गळती नेमकी कोठून होते हेही आधीच पाहावे. इंजिन बाहेरून स्वच्छ धुऊन, पुसून, गाडी थोडी फिरवून आणली की ताजा ओघळ कोठून सुटतो ते दिसते. वरच्या झाकणाच्या गास्केटमधून झिरपलेले ऑइल वाऱ्याने मागे जाते आणि मागचे सील फुटल्याचा भास होतो, असे अनेकदा घडते. ज्या गळतीवर इंजिन न उतरवता इलाज होतो तिच्यासाठी इंजिन उतरवणे म्हणजे डास मारायला तोफ.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. केवळ क्लच बदलायचा असेल तर बऱ्याच गाड्यांत इंजिन उतरवावेच लागत नाही. बोलेरो, सुमो यांसारख्या मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेले असते आणि त्यामागचा गिअरबॉक्स खालून काढता येतो. मारुती ८०० सारख्या पुढच्या चाकांच्या गाडीत इंजिन आडवे असते. तेथेही गिअरबॉक्स तेवढा खाली घेऊन क्लचचे काम होते. इंजिन का उतरवायचे, हा पहिला प्रश्न म्हणूनच मालकाने विचारायला हवा.

क्लच आणि मागचे सील

इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून अलग झाले की दोहोंच्या मधली जागा दिसते. एरवी कोणाच्या नजरेस न पडणारी हीच जागा सर्वांत महत्त्वाची. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला एक ऑइल सील असते. ते गळू लागले की ऑइल क्लच प्लेटवर उडते, प्लेट घसरू लागते आणि चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पुढे जात नाही. घाटात भरलेली गाडी अशी अडली म्हणजे काय होते, ते डोंगराळ भागातील चालकांना सांगायला नको. हे सील जुने असेल तर गळत नसले तरी बदलावे. मात्र ते काटकोनात, ओठ न दुमडता, तेलाचा हात लावून बसवावे. वाकडे बसलेले नवे सील जुन्याहून अधिक गळते. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील हा त्याचा जोडीदार, तोही याच वेळी बदलावा.

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तीन भाग एकाच संचात बदलणे हिताचे. प्लेट नवी आणि बेअरिंग जुने ठेवले, तर वाचलेले पैसे त्या बेअरिंगच्या कुरकुरीने पुढे दामदुपटीने वसूल होतात. मागच्या चाकांच्या गाड्यांत क्रँकच्या टोकाशी एक छोटे पायलट बेअरिंग किंवा बुश असते. आकाराने लहान असल्याने ते हमखास विसरले जाते. क्लचच्या जागी साचलेली काळी धूळ मात्र हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ती ओल्या फडक्याने पुसणेच सुरक्षित.

फ्लायव्हीलचा पृष्ठभागही पाहावा. निळे डाग, खोल चरे किंवा केसासारख्या बारीक भेगा दिसल्या तर ते लेथवर दाखवावे. हलके डाग मशीन शॉपमध्ये निघतात, खोल भेग असल्यास फ्लायव्हील बदलणेच योग्य. त्याच्या कडेच्या दातेरी कड्याची झीज गमतीदार असते. इंजिन बंद होताना दाबाच्या विरोधामुळे ठरावीक ठिकाणीच थांबते. त्यामुळे चार सिलिंडरच्या इंजिनात कड्यावरील दोन जागी आणि तीन सिलिंडरच्या इंजिनात तीन जागी दाते अधिक झिजतात. स्टार्टर कधी नीट लागतो, कधी नुसताच खरखरतो, त्याचे कारण बहुधा हेच. अनेक गाड्यांत हे कडे गरम करून उतरवता येते आणि थोडे फिरवून पुन्हा बसवता येते.

पाण्याची वाट

मराठवाड्यातील बरेच पाणी विंधन विहिरींचे. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातून येणारे हे पाणी अनेक ठिकाणी जड असते. पाणी तापवण्याच्या भांड्याला आतून पांढरा थर धरतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या आतील वाटांतही धरतो. कूलंट महाग म्हणून वर्षानुवर्षे साधे पाणी ओतलेल्या गाडीत हा थर आणि गंज दोन्ही सापडतात. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. ज्या प्रदेशाने असे दिवस पाहिले, तेथे मिळेल ते पाणी रेडिएटरमध्ये गेले तर दोष कोणाला द्यावा? मात्र त्याचा परिणाम इंजिनाला भोगावा लागतो.

इंजिनाच्या ब्लॉकवर पाण्याच्या वाटा बंद करणाऱ्या पत्र्याच्या वाटीसारख्या टोप्या असतात. त्यांना कोअर प्लग म्हणतात. साध्या पाण्याने त्या आतून कुजतात आणि बाहेरून बरेच दिवस धडधाकट दिसतात. त्यांपैकी काही अनेक इंजिनांत फ्लायव्हीलच्या किंवा मॅनिफोल्डच्या मागे असतात, म्हणजे इंजिन उतरवल्यावरच हाताशी येतात. किंमत नगण्य आणि फुटल्यास सारे पाणी रस्त्यावर. वरील तीन प्रश्नांच्या कसोटीला याहून चोख उतरणारे काम दुसरे नसेल. एक टोपी गंजलेली आढळली तर सर्व बदलाव्यात.

याच वेळी ब्लॉकच्या वाटा स्वच्छ पाण्याने उलट्या दिशेने धुऊन घ्याव्यात, रेडिएटर साफ करून तपासावा आणि सर्व होज पाइप व क्लिप पाहाव्यात. दाबल्यावर कडक लागणारा, फुगलेला किंवा चिरा पडलेला पाइप बदलावा. इंजिनाच्या मागच्या बाजूने केबिनच्या हीटरकडे जाणाऱ्या नळ्या तर आवर्जून. वॉटर पंपाच्या खालच्या छिद्रातून गळतीचे ओघळ दिसत असतील किंवा त्याचे बेअरिंग हलत असेल, तर तो बदलावा. थर्मोस्टॅट नवा बसवावा. 'आपल्याकडे उन्हाळा कडक' म्हणून तो काढूनच टाकण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. त्याने इंजिन योग्य तापमानाला उशिरा येते, इंधन अधिक लागते आणि झीजही वाढते. शेवटी कंपनीने सांगितलेले कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून भरावे.

रबर, पट्टे आणि नळ्या

ज्या गाडीत टायमिंग बेल्ट आहे, तिचा बेल्ट, ताणणारी पुली आणि क्रँक व कॅमची पुढची सीले यांचा विचार आताच करावा. मारुती ८०० चे तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे इंजिन बेल्टवर चालणारे आहे. तिचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. म्हणजे रस्त्यावरची सर्वांत 'तरुण' मारुती ८०० सुद्धा आता दशकाहून जुनी. बेल्ट किलोमीटरने झिजतो तसा वयानेही झिजतो, हे अशा कमी फिरलेल्या गाड्यांच्या मालकांनी विसरू नये.

इंजिनाची माउंटिंग, म्हणजे ते ज्यांवर टेकते ते रबरी आधार, इंजिन उतरल्यावर मोकळेच असतात. रबर फाटले असेल, धातूपासून सुटले असेल किंवा तेलाने फुगले असेल तर बदलावे. पुढच्या चाकांच्या गाडीत ॲक्सलचे ऑइल सील आणि रबरी बूट तपासावेत. बूट फाटून आत धूळ गेली की महागडा जोड निकामी होतो.

इंधनाच्या नळ्यांना आता नवे महत्त्व आले आहे. देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील इतक्या इथेनॉलचा विचार करून बनवलेल्या नव्हत्या. त्या मऊ पडू शकतात किंवा चिरू शकतात. गरम इंजिनाजवळ पेट्रोल झिरपणे म्हणजे आगीला निमंत्रण. म्हणून अशा नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारच्या घेऊन बदलाव्यात.

रिकाम्या जागेची साफसफाई

इंजिन गेल्यावर बॉनेटखाली जी पोकळी उरते तीही पाहण्यासारखी असते. ब्रेकच्या धातूच्या नळ्या, स्टीअरिंगचे जोड, केबिन आणि इंजिन यांमधला पत्रा, बॅटरीखालचा तळ, पाणी निथळण्याची छिद्रे ही सारी गंजाची आवडती ठिकाणे. माती-तेलाचा थर खरवडून, धुऊन, वाळवून गंज घासावा, प्रायमर आणि रंग लावावा. यासाठी पैसे फारसे लागत नाहीत, वेळ लागतो. लेथवरून भाग परत येईपर्यंत तो असतोच. ब्रेकची नळी गंजून खवले धरत असेल तर ती बदलण्यात तडजोड नको.

वायरिंग नीट तपासावे. उष्णतेने कडक झालेली, उंदरांनी कुरतडलेली किंवा टेपचे जोड दिलेली वायर आताच दुरुस्त करावी. इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी बहुधा दुर्लक्षित राहते. ती गंजली की स्टार्टर मंद फिरतो आणि दोष मात्र बॅटरीला दिला जातो.

कोठे थांबावे

येथवरची यादी वाचून सारेच बदलावे असे वाटेल. तो मोह टाळावा. दाबाची चाचणी चांगली असेल, ऑइल जळत नसेल आणि ऑइलचा दाब योग्य असेल, तर 'उतरलेच आहे' म्हणून हेड उघडणे किंवा बोअरिंग करणे यात शहाणपण नाही. कारखान्यात बसलेली, चांगली चालणारी जुळणी मोडल्यावर ती तितकीच चांगली बसेल असे नव्हे. अल्टरनेटर, स्पार्क प्लग, फिल्टर, बाहेरचे पट्टे हे भाग इंजिन गाडीत असतानाही सहज बदलता येतात. त्यांना बिलात घाईने जागा देण्याचे कारण नाही. ऑइल चेंबर मात्र गाडीत असताना काढणे ज्या गाड्यांत अवघड आहे, तेथे तो आता उघडून आतली जाळी साफ करणे आणि गास्केट बदलणे योग्य.

संपूर्ण ब्लॉकच बदलण्याचा सल्ला मिळाला तर तो प्रश्न केवळ यंत्राचा राहत नाही. इंजिनाचा क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावर असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनातील अशा बदलांवर बंधने आहेत. म्हणून दुसरे इंजिन बसवण्याआधी परिवहन कार्यालयात चौकशी करून रीतसर नोंद करून घ्यावी आणि इंजिन कोठून घेतले याची कागदपत्रे जपावीत. ब्लॉक घासून रंगवतानाही त्यावर कोरलेला क्रमांक शाबूत राहील हे पाहावे. तपासणीच्या वेळी न दिसणारा क्रमांक निष्कारण मनस्ताप देतो.

उतरवताना आणि बसवताना

सोडवलेल्या प्रत्येक जोडाचे मोबाइलवर छायाचित्र काढावे. वायर आणि नळ्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात, बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावेत. उघडी छिद्रे स्वच्छ कापडाने झाकावीत आणि बसवताना ती कापडे मोजून काढावीत. वातानुकूलन असलेल्या गाडीत शक्य असेल तेथे कॉम्प्रेसर नळ्यांसकट बाजूला बांधून ठेवावा, गॅस हवेत सोडू नये. चेनपुलीला लटकलेल्या इंजिनाखाली हात किंवा पाय कधीही नेऊ नये, मग ती लोखंडी तिकाटण्याला असो वा झाडाच्या फांदीला.

बसवताना क्लच प्लेट मध्यावर आणण्यासाठी जुना शाफ्ट वापरावा. गिअरबॉक्सचा भार प्लेटवर लोंबकळू देऊ नये, नवी प्लेट पहिल्याच दिवशी वाकते. महत्त्वाचे बोल्ट टॉर्क पान्याने, ठरलेल्या क्रमाने आवळावेत. ऑइल भरल्यावर इंजिन लगेच सुरू न करता, इंधन किंवा ठिणगी बंद ठेवून स्टार्टरने थोडे-थोडे फिरवावे आणि ऑइलचा दिवा विझला की मग सुरू करावे. पाण्याच्या वाटेतील आणि डिझेल गाडीत इंधनाच्या वाटेतील हवा काढावी. पहिले काही दिवस दररोज सकाळी गाडीखाली नजर टाकावी आणि सुमारे पाचशे किलोमीटरनंतर माउंटिंगचे बोल्ट, होज क्लिप व पातळ्या पुन्हा पाहाव्यात. काढलेले जुने ऑइल गटारात न ओतता ते गोळा करणाऱ्यांकडे द्यावे.

मालकाने गॅरेजमध्ये जाताना सोबत न्यायची गोष्ट एकच, ती म्हणजे आधी लिहिलेली यादी. तिच्यात तीन रकाने असावेत : आताच करायचे, उघडल्यावर पाहून ठरवायचे आणि नंतरही चालेल असे. बदललेले जुने भाग परत मागावेत आणि काय बदलले, किती किलोमीटरला बदलले, याची नोंद गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावी. मग मेकॅनिकचा तो संध्याकाळचा फोन आला तरी गोंधळ उडत नाही. यादी पाहून उत्तर देता येते, आणि भूमच्या भट्टीवरचा खवा असो वा पुण्यातील कार्यालयाची वेळ, गाडी दुसऱ्यांदा त्याच कारणासाठी अडून राहत नाही.